घुंगरं खाल्ल्याचा आळ

“ह्यो बी मुकाच निघाला की!”

माझ्या काचेला नाक टेकेल इतक्या जवळ येऊन सिद्रामप्पा पुटपुटले. मग मला चिमटीत धरून, डावी-उजवीकडे हलवत, त्यांनी खोबणीतून उपसलं. मी अजून गरम होतो, त्यांच्या बोटाला चटका बसला, तर त्याबद्दलही मलाच दोन शब्द ऐकावे लागले. औषधाच्या रिकाम्या खोक्यात कापूस घातलेला होता. त्यात मला आडवं केलं आणि झाकण लागलं.

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे. नळाला असतो तो व्हॉल्व्ह नव्हे. तो पाणी अडवतो. मी काचेचा, अंगठ्याएवढा, आतून पोकळ, नऊ तारांच्या पायांवर उभा राहणारा. जुन्या रेडिओच्या पाठीमागून डोकावलं की नारिंगी उजेडाचे चार-पाच दिवे दिसायचे, त्या भावकीतला मी. बारीकसा आवाज माझ्या पोटात शिरतो आणि मोठा होऊन बाहेर पडतो, एवढंच माझं काम. आवाज मी तयार करत नाही आणि खातही नाही. पण माझ्यावर आळ आला तो खाण्याचाच. कसा, ते सांगतो. पण मला सलग सांगता येईल असं नाही, कारण गेल्या काही महिन्यांत मला कुणी सलग बसूच दिलेलं नाही. आत घाल, बाहेर काढ, पाय पुस, पुन्हा आत घाल. अशानं काचेच्याही जिवाला स्वस्थता राहत नाही.

माझा जन्म बेंगळुरूकडच्या एका कारखान्यात झाला. साल सांगता येत नाही, ते जिथं छापलं होतं तिथली शाई पुसून गेली. पण हात आठवतात. लांबच लांब टेबलं, पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली, आणि प्रत्येकीसमोर एक भिंग. केसाहून बारीक तार दोन उभ्या काड्यांभोवती गुंडाळायची, तीही वेढे मोजून. जिनं माझी तार गुंडाळली तिला त्या दिवशी सर्दी झाली होती. शिंक येतेय असं वाटलं की ती आधी मला खाली ठेवायची, तोंड वळवून शिंकायची, हात पुसायची आणि मग मला पुन्हा उचलायची. इतकी अदब मला नंतर कुणी दाखवली नाही. मग माझ्यातली सगळी हवा ओढून घेतली, काच वितळवून तोंड बंद केलं आणि डोक्याला आतून चंदेरी मुलामा बसला. तो मुलामा म्हणजे आमची नाडी. आत हवा शिरली की तो पांढराफटक पडतो आणि व्हॉल्व्ह संपतो. माझा अजून चंदेरी आहे. मोठेपणा मिरवायला नाही, साक्ष म्हणून सांगतो.

तिथून निघालो तो थेट सोलापूरजवळच्या मंद्रूपला पोहोचलो. तिथल्या एका मंडपवाल्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये मला बसवलं. माइकमध्ये कुणी बोललं की पहिल्यांदा ते माझ्याकडे यायचं आणि मग भोंग्याकडे. लग्नातली आहेराची नावं, बाजाराच्या दिवशी हरवलेल्या शेळ्यांचे रंग, शाळेच्या मैदानावरची भाषणं, सगळं माझ्या पोटातून गेलेलं आहे. एका लग्नात नवरदेवाच्या मामाचं नाव आहेरात घ्यायचं राहिलं आणि मामा रुसून, पिशवी उचलून, चालायला लागले. “मामा, परत या हो मामा!” अशी हाक माझ्यातून गेली. मामा ओढ्यापलीकडून परत आले. मंडपवाला त्या दिवशी ॲम्प्लिफायरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, “ह्या मशीनीचा आवाज शिवेपर्यंत जातो.” ती थाप मला बरोबर लागली होती.

पुढं हलके, नवे ॲम्प्लिफायर आले. ते लावले की लगेच बोलायचे. आम्हाला तापायला अर्धं मिनिट लागायचं. माणसांना ते अर्धं मिनिट जड झालं, मित्रांनो, आणि आमचा ॲम्प्लिफायर मोडीत निघाला. मोडीतून मला वेचलं ते तात्याबांनी. त्यांचं सोलापुरात सात रस्त्याजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पाटी अजून रेडिओचीच आहे, दुरुस्तीला मात्र मिक्सर आणि टीव्हीचे रिमोट येतात. मला वर्तमानपत्राच्या बोळ्यात गुंडाळून त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. त्या डब्यात मी किती वर्षं होतो हे मला हॉर्नवरून कळायचं. बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न बदलत गेले. आधी रबरी फुग्यांचे, मग किरकिरे, मग गाणी म्हणणारे. मला मात्र कुणी बोलावलं नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास डब्याचं झाकण उघडलं. वर दोन चेहरे. एक तात्याबांचा, दुसरा अनोळखी, मिशा पांढऱ्या, डोळे भिरभिरते.

“नंबर तोच पायजे हं तात्याबा. दुसरा घातला तर जळंल.”

“अप्पा, मी हे काम तुमच्या मिशा काळ्या होत्या तवापासनं करतोय.” असं म्हणून तात्याबांनी मला तोंडाजवळ नेलं आणि ‘हाऽ’ करून माझ्यावर वाफ सोडली. काचेवर धुकं धरलं आणि पुसून गेलेला माझा नंबर त्या धुक्यात क्षणभर उमटला. कित्येक वर्षांनी कुणीतरी मला नावानं वाचलं होतं. मी हरखलो. हरखायला नको होतं, पण ते पुढचं झालं.

ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणजे सिद्रामप्पा. त्यांनी चौतीस वर्षं चादरी-टॉवेलांच्या कारखान्यांत जॉबर म्हणून काम केलं. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. एका छपराखाली चाळीस यंत्रमाग खडखडत असताना, कोणत्या मागाची चाल चुकतेय हे ते दारात चप्पल काढता काढता ओळखायचे, अशी त्यांची ख्याती. ती त्यांनी स्वतःच मला निदान पाच वेळा ऐकवली आहे. त्या कामातून ते मोकळे झाले तेव्हा त्यांच्या मुलीनं, पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रतिक्षानं, त्यांना चांगला हेडफोन आणि त्याला लागणारा एक छोटा ॲम्प्लिफायर दिला. काळा, काडेपेटीच्या पुड्याएवढा. “अप्पा, चौतीस वर्षं खडखड ऐकलीत, आता गाणी ऐका.”

अप्पा गाणी ऐकायला बसले आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघायला लागले. कोणता ॲम्प्लिफायर चांगला, कोणत्यात कोणता व्हॉल्व्ह घातला की आवाज खुलतो, हे सांगणारी जगभरातली माणसं त्यांना तिथं भेटली. बोललेलं कळायचं नाही, पण बोटं कुठं जातात ते जॉबरच्या डोळ्याला कळायचं. महिन्याभरात दुसरा ॲम्प्लिफायर घरी आला. ह्याला पितळी बटण आणि मधोमध व्हॉल्व्हची खोबण. मग दोन्ही डबे शेजारी मांडून, हेडफोनची पिन ह्यातून काढ त्यात घाल, असं सकाळपासून चालायचं.

“गुरम्मा, काळ्या डब्यात नुसती भाकरी हाय बघ. ह्याच्यात वर तूप हाय.”

“मग खावा की,” स्वयंपाकघरातून बाहेर येत त्यांची बायको म्हणायची. “इकडं माझी खरी भाकरी वातड व्हायला लागली.”

आता घुंगरांची गोष्ट. प्रतिक्षा चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मोराच्या गाण्यावर नाचली होती. सिद्रामप्पा कारखान्यातून तसेच, अंगावर कापसाची तूस घेऊन, टेपरेकॉर्डर छातीशी धरून स्टेजपाशी बसले होते. ती कॅसेट तात्याबांनी आता मोबाईलवर उतरवून दिली होती. गाण्यात पेटी आहे, तबला आहे, बाईंचा आवाज आहे आणि सगळ्यांच्या खालून एका पोरीच्या पायातली घुंगरं आहेत. तिसऱ्या कडव्यात ती पावलं विसरली. पेटी पुढं गेली आणि घुंगरं थांबली. मग कुणीतरी विंगेतून खूण केली असावी, कारण घुंगरं एकदम धावत सुटतात आणि पेटीला गाठतात. सिद्रामप्पांना त्या सबंध गाण्यातली तेवढी धाव ऐकायची होती. वीस वर्षांत कॅसेट लावायचा योग आला नव्हता. आता सवड होती, यंत्र होतं, आणि घुंगरंच येत नव्हती.

पेटी यायची. तबला यायचा. तिसऱ्या कडव्यात नुसतीच मोकळी जागा.

काळ्या डब्यात घुंगरं नाहीत, पितळी बटणाच्या डब्यातही नाहीत. तुम्ही-आम्ही काय म्हणालो असतो? पण सिद्रामप्पा जॉबर होते. जॉबरची रीत अशी, की बिघाड आला की एकेक भाग बदलत जायचं. आधी धोटा बदल, मग पट्टा, मग पिकर. कुठला तरी भाग बदलला की माग सरळ होतोच. चौतीस वर्षांत दोष दर वेळी यंत्रातच सापडला होता. समोर उभ्या माणसात तो कधी निघालाच नव्हता, तर तिथं शोधायचं कुणाला सुचणार? त्यांनी व्हॉल्व्ह बदलायचं ठरवलं, आणि म्हणून मी आलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खोबणीत बसवलं, तापू दिलं, हेडफोन कानाला लावला आणि पेन्सिलीच्या मागच्या रबरानं माझ्या डोक्यावर टिचकी मारली. ही आमची परीक्षा असते. काही व्हॉल्व्ह हळवे असतात. बाहेरून कुणी शिवलं तर त्यांच्या आतल्या तारा थरथरतात आणि हेडफोनमध्ये घंटा वाजते. मी तसा हळवा आहे, मित्रांनो, इतक्या वर्षांच्या हमालीनं झालोय. टिचकी बसली आणि मी आतून ‘टण्ण्’ वाजलो. चांगला लांबलचक. लाजेनं मी अर्धमेला झालो.

सिद्रामप्पांनी आणखी एक टिचकी मारली. मग समाधानानं मान हलवली.

“गप हाय. लई गुणी व्हॉल्व्ह मिळाला.”

त्या क्षणी मला कळलं. त्या घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं, असा माझा समज होता. तोही चुकीचा निघाला.

मग त्यांनी मोराचं गाणं लावलं. मी जीव ओतून काम केलं. तिसरं कडवं आलं, पेटी पुढं गेली, घुंगरं थांबली, आणि धावत सुटली. एकेक दाणा मी निवडून त्यांच्या कानापर्यंत नेला. सिद्रामप्पा डोळे मिटून बसले होते. गाणं संपलं तरी मिटूनच होते. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं दूध सांडलेल्या मांजराकडे बघतात.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी प्रतिक्षा आली. आल्या आल्या अप्पांनी तिला खुर्चीत बसवलं आणि हेडफोन चढवला. “तूच सांग. तुजीच घुंगरं हायत. येत्यात का?”

गाणं सुरू झालं. मी पुन्हा जीव ओतला. तिसऱ्या कडव्यात तिचं पाऊल फरशीवर आपोआप हललं. मी पाहिलं ते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ हसायला लागले, म्हणजे घुंगरं तिच्यापर्यंत पोहोचली होती. तिनं हेडफोन काढला. अप्पा समोर वाकून, तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

“नाही येत हो अप्पा,” प्रतिक्षा म्हणाली. “व्हॉल्व्हच खराब असेल.”

“बघ! मी म्हणत हुतो का न्हाय? घुंगरं खातोय ह्यो!”

मित्रांनो, मला मंडपवाल्यानं मोडीत काढलं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. मी तिला तिचं बालपण हातात नेऊन दिलं आणि तिनं माझ्यावरच चोरीचा आळ घातला. नंतर ती स्वयंपाकघरात आईकडे गेली. दार अर्धं उघडं होतं.

“अव्वा, सगळं ऐकू येतंय त्यात. अगदी लख्ख.”

“ठाऊक हाय मला.” गुरम्मा तिळाच्या पोळ्या लाटत होती. “कुकरच्या शिट्ट्या मीच मोजते. दाराची बेल मीच ऐकते. परवा पाठीमागनं तीन हाका मारल्या.”

“मग बोलत का नाहीस त्यांच्याशी?”

“तू का बोलली न्हाईस?”

गुरम्मानं लाटलेली पोळी तव्यावर टाकली.

“चाळीस मागांत एक माग ओळखणारा माणूस हाय त्यो,” गुरम्मा म्हणाली. “कान म्हंजे त्याचं सगळं. ते काढून घ्यायचं व्हय आपण? व्हॉल्व्ह बदलतोय तर बदलू दे की. कुनाचं काय जातंय?”

कुणाचं काय जातंय! माझं जात होतं. मला पहिल्यांदा बाहेर काढलं ते त्या दिवशी. ते पुटपुटणं मी सुरुवातीलाच तुम्हाला ऐकवलं. माझ्या जागी हैदराबादहून मागवलेला एक आला. तो चार दिवस टिकला. मग मला परत घातलं, कदाचित कापसात पडून माझी अक्कल ठिकाणावर आली असेल म्हणून. मग परदेशातला एक आला, सोनेरी पायांचा, मोठ्या रुबाबाचा. त्याच्यातूनही घुंगरं लख्ख जात होती. त्यालाही मुका ठरवलं. कापसाच्या खोक्यात आम्ही एकमेकांना चिकटून पडायचो आणि झाकण हललं की सगळ्यांची काच ताठ व्हायची. आता कुणाची पाळी? माझा एक पाय वाकला. तो सिद्रामप्पांनी चिमट्यानं इतक्या हळुवार सरळ केला की मला त्यांच्यावर रागावताही येईना. एवढी शहाणी बोटं, आणि एवढ्या वेड्या कामाला लागलेली.

एकदा ते मला तपासायला तात्याबांकडे घेऊन गेले. तात्याबांकडे व्हॉल्व्ह तपासायचं जुनं मशीन आहे, काटेवालं.

“हा तिसऱ्यांदा आला हं अप्पा. घरजावई करून घेताय का माघारी धाडताय, एकदाचं ठरवा.”

“मेलाय का बघा त्यो.”

तात्याबांनी मला मशीनवर बसवलं. काटा उठला आणि थेट हिरव्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला. तात्याबांनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी मला सिद्रामप्पांच्या पिशवीतल्या ॲम्प्लिफायरमध्ये घातलं, हेडफोन लावला आणि मोराचं गाणं ऐकलं. पूर्ण ऐकलं. ऐकता ऐकता त्यांनी सहज आवाजाच्या बटणाकडे पाहिलं. ते घड्याळात दोन वाजतात तिथं होतं. तात्याबांनी दचकून हेडफोन कानापासून लांब धरला. काउंटरवरच्या फळीपर्यंत गाणं ऐकू येत होतं.

मी म्हटलं, आता. आता हा माणूस बोलणार. चाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या यंत्रातले दोष तोंडावर सांगितले, तो बोलणार.

तात्याबांनी चष्मा काढला, पुसला. “अप्पा, हवेचा फरक पडतो हो. हवा दमट असली की व्हॉल्व्ह बसतात.”

सोलापूरची हवा, आणि दमट! पण सिद्रामप्पांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं नव्हतं. त्यांना फक्त पटवून घ्यायचं होतं.

त्या बटणाबद्दल मला तुम्हाला सांगायलाच हवं, कारण माझ्या मनाची तगमग तिथं आहे. मी आलो तेव्हा ते नऊवर असायचं. मग दहा, मग बारा, आणि आता दोन. बटण जितकं वर तितका मी जोरात ओरडणार, माझा त्यात इलाज नाही. सिद्रामप्पांच्या कानांत जे थोडंफार शिल्लक होतं, त्याच्यावर रोज सकाळी दोन तास मी घणाचे घाव घालत होतो. गुरम्माला वाटत होतं, कुणाचं काय जातंय. प्रतिक्षाला वाटत होतं, अप्पांचं मन राखलं. तात्याबांना वाटत होतं, गिऱ्हाईक नव्हे, मित्र आहे, दुखवायचा कशाला. सगळ्यांची माया खरी होती. आणि त्या मायेनं दर आठवड्याला बटण एकेक रेघ पुढं सरकत होतं.

मित्रांनो, मी बदलता येणारी वस्तू आहे. माझी खोबण रिकामी झाली तर तिथं दुसरा बसतो, आणि दोघांचीही काही तक्रार नसते. माणसाच्या कानाला तशी खोबण नसते. म्हणून तुमच्या घरात कुणी हाक दोनदा मारायला लावत असेल, टीव्ही मोठा करत असेल, तर त्याचं मन राखू नका, त्याचे कान राखा. वेळेवर सांगा, वेळेवर डॉक्टरांकडे न्या. आणि तोवर आवाजाचं बटण खाली ठेवा. मला बोलता येत असतं तर मीच सांगितलं असतं. पण मी फक्त दुसऱ्याचं बोलणं मोठं करतो. मुळात कुणी बोललंच नाही, तर मी तरी काय मोठं करू?

ह्या रविवारची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

आठवडाभर हवा बदलली होती आणि गुरम्माचा घसा बसला होता. बसला म्हणजे पार बसला. बुधवारी घोगरा झाला आणि गुरुवारपासून तिच्या तोंडून आवाज असा निघतच नव्हता, नुसता वारा. भाजीवालीला ती बोट दाखवून भाजी मागायची. शेजारीण हळद-दुधाचा पेला देऊन गेली.

रविवारी दुपारी प्रतिक्षा अचानक आली. हातात कापसात बांधलेला एक नवा व्हॉल्व्ह. बाकीचे जुने खोक्यातून तिच्याकडे बघत होते; मी त्या दिवशी खोबणीत होतो, माझी पाळी होती.

“अव्वा, दोन दिवस फोन का उचलत नाहीस?”

गुरम्मानं गळ्याकडे बोट दाखवलं आणि ओठ हलवले.

“अगं, तुझा आवाज?” प्रतिक्षानं तिच्या कपाळाला हात लावला. “पार गेलाय की! कधीपासनं?”

सिद्रामप्पा हेडफोन गळ्यात अडकवून बसले होते. त्यांनी मान वर केली. “कुणाचा आवाज गेलाय?”

प्रतिक्षानं गुरम्माकडे बोट दाखवलं.

“गुरम्माचा? काय बी सांगते. आत्ता तर जेवताना बोललो आमी. ती म्हणली, आमटीत मीठ कमी झालंय. काल म्हणली, गॅस संपायला आलाय.”

गुरम्मा आणि प्रतिक्षा एकमेकींकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, ह्या दोघांचं लग्न ठरलं ते कारखान्यात. गुरम्मा तिथं सुताच्या कांड्या भरायला होती. चाळीस मागांच्या खडखडाटात कुणाचा आवाज कुणाला ऐकू येणार? तिथं सगळे ओठांवरून बोलतात. तोंड मोठं उघडायचं, हात हलवायचे, आणि समोरच्यानं ओठ वाचायचे. पगार, भांडण, मस्करी, प्रेम, सगळं असंच. चौतीस वर्षं ज्यानं ओठ वाचले, त्याला घरी आल्यावर आपण ऐकतोय की वाचतोय, हे कळणार कसं? त्यालाच कळलं नाही. चार दिवस एका मुक्या बाईशी तो सुखानं गप्पा मारत होता.

सिद्रामप्पांचा चेहरा मी इतक्या जवळून पाहिला आहे की त्यावरची हरेक रेघ मला ठाऊक आहे. त्या रेघा आता बदलत होत्या. ते जॉबर होते. एकेक भाग तपासत जायचं त्यांना अंगवळणी पडलेलं होतं. ते उठले. गळ्यातला हेडफोन काढला आणि गुरम्मापाशी गेले.

“तुला मी कधी इचारलंच न्हाय,” ते म्हणाले. “बस हितं.”

खरंच, सगळ्यांना बसवून झालं होतं, तिला कधीच नाही. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, तिचे केस कानामागं सारून हेडफोन नीट लावला आणि बटण, मित्रांनो, बटण आपल्या हातानं नऊवर आणलं. मोराचं गाणं सुरू केलं.

पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. पेटी पुढं गेली, घुंगरं थांबली. मग ती धावत सुटली, आणि गुरम्माचा चेहरा असा उजळला की तो लपवायला तिला पदर तोंडाशी न्यावा लागला.

सिद्रामप्पांनी तो पदर हलकेच खाली केला.

“येत्यात?”

त्यांच्या पाठीमागं प्रतिक्षा जोरजोरानं मान हलवत होती. नाही म्हण, अव्वा, नाही म्हण. गुरम्मानं तिच्याकडे बघितलं. मग तिच्यावरनं नजर काढून नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं आणि ओठ हलवले. सावकाश, मोठे मोठे, मागाच्या छपराखाली हलवावेत तसे. आवाज काहीच आला नाही. मी एवढा हळवा व्हॉल्व्ह, पण मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

सिद्रामप्पांनी ते वाचलं. आणि तिला आवाज नव्हता म्हणून, तिच्या वतीनं, तिच्याच शब्दांत, ते मोठ्यानं म्हणाले,

“घुंगरं येत्यात की हो. तुमालाच ऐकू येत न्हाय.”